केळीचा हिवाळा

१

दर रविवारी सकाळी अकराच्या आत आस्ता तळघरात जाऊन यायची. काम मुळात तिचं नव्हे. एकोणीस हिवाळे ते तिच्या नवऱ्याने, एयनरने, केलं होतं, आणि त्या एकोणीस वर्षांत त्यावरून तिने त्याला जेवढे टोमणे मारले तेवढे कुणी वैऱ्यालाही मारत नाही. डेन्मार्कमधल्या होर्सेन्सच्या बंदराजवळ, जिथे एप्रिलातही बोटं काकडतात, तिथे माणसाने कुंडीत केळ लावायची, उन्हाळाभर अंगणात मिरवायची आणि ऑक्टोबर लागला की बाळंतिणीसारखी गुंडाळून खाली न्यायची. फळ म्हणाल तर आजवर एक नाही. पण एयनरचं बघून इमारतीतल्या आणखी पाच बिऱ्हाडांनी केळी लावल्या, आणि ऑक्टोबरातला तिसरा शनिवार हा 'खाली न्यायचा दिवस' म्हणून ठरून गेला.

त्या दिवशी केळीची सगळी पानं कापायची. खांब छातीएवढा ठेवून वरचा उडवायचा. जुनी घोंगडी आणि गोणपाट गुंडाळून, सहाही कुंड्या चाकांच्या फळ्यांवर ठेवून, युद्धाच्या काळात बाँबच्या भीतीने बांधलेल्या तळघरातल्या खोलीत लोटत न्यायच्या. मग अंगणात कॉफी आणि घोटभर कडक दारू. कापलेली पानं कोपऱ्यात ढिगाने पडलेली असायची आणि दोन-तीन दिवस तशीच हिरवीगार दिसायची. आपल्याला कापलंय हे त्यांना कळलेलंच नसतं, असं एयनर दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी आस्ता म्हणायची, "झालं का सुरू पुराण?"

या वर्षी खाली न्यायच्या दिवशीच तो पडला. कुंड्या ठेवून बाकीचे वर आले, एयनर मात्र "म्हातारीला नीट बांधून येतो" म्हणून एकटाच मागे राहिला. म्हातारी म्हणजे त्याची स्वतःची, सगळ्यांत जुनी केळ. अर्ध्या तासाने वर आला, बूट काढायला खुर्चीत बसला, एक बूट काढला आणि दुसऱ्याकडे नुसता बघत राहिला. मेंदूत रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. दीड महिना हॉस्पिटलात काढून डिसेंबरात घरी आणला तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलण्यात चारच शब्द उरले होते. हो, नाही, आस्ता, आणि किती.

"एवढा हिवाळा निघू दे," रोज येणारी नर्स म्हणाली. "छातीत सर्दी उतरली नाही, तर उन्हाळ्यात ते काठीवर चालतील."

आस्ताने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. हिवाळा निघायला हवा होता, बाकी तिला काही नको होतं.

२

काम पाच मिनिटांचं. बावीस पायऱ्या उतरायच्या, लोखंडी दाराचा दांडा दोन्ही हातांनी उचलायचा, दिव्याचं बटण दाबायचं. दिवा तीन मिनिटांनी आपोआप विझायचा, त्यामुळे रेंगाळायची सोय नव्हती. भिंतीवर नालासारखी वाकवलेली काचेची नळी होती, तिच्यात पारा, आणि दोन्ही बाजूंना लोखंडाची एकेक बारीक सुई. एक सुई आठवड्यातलं कमीत कमी तापमान धरून ठेवते, दुसरी जास्तीत जास्त. आकडे बघायचे, चुंबकाने सुया खाली ओढून पाऱ्याला टेकवायच्या आणि वर यायचं.

रविवार आला की एयनर खुर्चीतून डाव्या हाताने खिळ्याला टांगलेल्या चुंबकाकडे बोट दाखवायचा.

"जाते रे बाबा," आस्ता म्हणायची. "उंटावरून शेळ्या हाकायची हौस फिटली नाही तुझी अजून."

ती परत आली की त्याचा ठरलेला शब्द यायचा. "किती?"

"पाच आणि सात." डिसेंबरभर हेच उत्तर होतं. ती खोली जमिनीत इतकी खोल होती की वर बर्फ पडो नाही तर वादळ होवो, तिथे पाच आणि सात. एयनर डाव्या हाताने वहीत वेडेवाकडे आकडे काढायचा आणि डोळे मिटायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी कमीत कमीची सुई पाचावर होती आणि जास्तीत जास्तची चौदावर.

आस्ताने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आठवडाभर बाहेर शून्याच्या खाली तीन होतं. खोलीत तिच्याशिवाय कुणी येत नव्हतं, कारण चावी तिच्याकडेच होती. आत्ता पारा सहावर उभा होता, आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. गोणपाटातले सहा खांब भिंतीशी रांगेने उभे होते, गळ्यापर्यंत बांधलेले, नेहमीसारखेच. दिवा विझला. तिने पुन्हा बटण दाबलं नाही, चाचपडत दाराशी आली.

"पाच आणि चौदा," ती वर येऊन म्हणाली. "तुझं यंत्र म्हातारं झालं."

एयनरने चौदा लिहिले. मग त्या आकड्याकडे बघून तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

३

पुढच्या रविवारी बावीस. त्याच्या पुढच्या रविवारी ती टोर्किलला घेऊन खाली गेली. टोर्किल इमारतीची देखभाल करायचा. भला माणूस, पण त्याला काही विचारलं की आधी त्याच्या गुडघ्यांची हकिकत ऐकावी लागायची.

"हे गुडघे मला बावीस पायऱ्या उतरू देतात तेच उपकार," तो म्हणाला, मग नळीजवळ नाक नेऊन थबकला. "एकोणतीस? आस्ता, एवढं तर माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात नसतं."

"भिंतीतून गरम पाण्याचा नळ जातो का?"

"या खोलीतून काहीच जात नाही. हातभर जाडीचं काँक्रीट आहे. ती एक झडप आहे वर, अंगणात उघडणारी, ती मी नोकरीला लागल्यापासून उघडलेली नाही." त्याने खिशातून नवा तापमापक काढून जुन्याशेजारी टांगला. "फिटेल तुझी शंका. आता दोघांत खोटारडा कोण ते पुढच्या रविवारी बघ."

तो बाहेर पडला. आस्ता दार ओढून घेणार, तेवढ्यात आत आवाज झाला. टक्. लहानसा, ओला. कुणी जीभ टाळूवरून सोडवावी तसा.

"हे काय वाजलं?"

"काय?" टोर्किल म्हणाला. "माझा गुडघा असेल."

ती हसली. पण तो आवाज ओळखीचा होता आणि कुठला ते आठवेना, म्हणून दिवसभर तिला चैन पडली नाही. बटाटे सोलताना, हेरिंग माशांची बरणी उघडताना, ती मध्येच थांबून कान देत होती.

पुढच्या रविवारी दोन्ही तापमापक चौतीस म्हणाले.

४

खोटं बोलायला तिने त्या दिवशी सुरुवात केली. "पाच आणि सात," ती म्हणाली.

एयनरने पेन्सिल खाली ठेवली. "नाही," तो म्हणाला.

"नाही काय? मी बघून आले."

"नाही." तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिनेच नजर काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी तिची गत झाली.

दुपारी जेवणं उरकल्यावर ती पुन्हा खाली गेली. आता तिने ठरवलंच होतं की हात लावून बघायचं. पाच कुंड्यांच्या गोणपाटांतून हात घातला, पाचही खांब मेलेल्या माशासारखे गार. मग म्हातारीपाशी आली. तिच्याभोवती एयनरने आपलं जुनं राखाडी घोंगडं गुंडाळून सात ठिकाणी सुतळी बांधली होती, आणि गाठी त्याच्याच हातच्या, दुहेरी. त्या गाठी बघून आस्ताला रडू आलं. धड असलेल्या उजव्या हाताने त्याने मारलेल्या शेवटच्या गाठी होत्या त्या.

घोंगड्यात हात घातला आणि तिने तो तसाच राहू दिला, कारण आत ऊब होती. पांघरुणात झोपलेल्या माणसाच्या कुशीत असते तेवढी.

वरचं गोणपाट बाजूला केलं. ऑक्टोबरात सपाट कापलेल्या खांबाच्या मधोमध गाभ्याची सुरळी चार बोटं वर आली होती. पांढरट, ओलसर. केळ कापली की गाभा वर सरतो हे तिला माहीत होतं, पण उन्हाळ्यात सरतो, पाण्यावर आणि उजेडावर. तीन महिने कोरड्या पडलेल्या मातीत, अंधारात, पाच अंशांत नाही. तिने पुन्हा हिशोब जुळवायचा प्रयत्न केला. झाड जुनं आहे, गड्ड्यात ओल असेल. कुजताना ऊब येते, शेणखताला येते तशी. हे पटण्यासारखं होतं, फक्त कुजल्याचा वास नव्हता.

काय वाटलं कोण जाणे, वर जाऊन तिने कपभर कोमट पाणी आणलं आणि कुंडीत ओतलं. मातीने ते चटकन पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी एयनरने ओटची पेज वाटीभर खाल्ली. ओठांना रंग आला होता. शेजारची गेर्डा रोज दुपारी कॉफीला यायची, ती त्या दिवशी उशिरा डोकावली आणि म्हणाली, "अरे वा, नवरदेव! कुणाच्या लग्नाला निघालास?" तो पुन्हा अर्ध्या तोंडाने हसला. आस्ताचा जीव भांड्यात पडला. केळीच्या चिकाचे तपकिरी डाग तिच्या हातांवर उमटले होते, ते घासून घासून निघत नव्हते, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

५

मंगळवारी नर्सने एयनरच्या काखेत तापमापक लावला. पस्तीस. तिने दुसरा काढून लावला, चौतीस पूर्णांक आठ.

"खोली तर गरम आहे," ती म्हणाली. "पांघरूणही आहे. रविवारपासून काही वेगळं झालं का?"

"नाही," आस्ता म्हणाली.

"मागच्या चारही मंगळवारी पारा थोडा थोडा उतरतोय. मी डॉक्टरांना कळवते. यांना ऊब टिकत नाहीये, आस्ता. अंगातली ऊब जातेय कुठे, तेच कळत नाही मला."

नर्स गेली. आस्ता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली. ती देवधर्मातली बाई नव्हती. चाळीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं. पण एयनरची वही समोर होती आणि नर्सने ठेवलेला तक्ता शेजारी होता. एकीकडे आकडे चढत होते, दुसरीकडे उतरत होते. कपभर पाणी दिलं त्याच्या दोन दिवसांनी उतार सगळ्यांत जास्त. गणित शिकवणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? म्हातारी खाली उभी राहून त्याला पीत होती. एकोणीस वर्षं लाड करून घेतले आणि आता मुळावर उठली.

मूर्खपणा आहे हा, तिने स्वतःला बजावलं. मग उठून आतल्या खोलीत गेली. एयनर झोपला होता. ती त्याच्या उशाशी वाकून उभी राहिली. घरी आल्यापासून तो अगदी बिनआवाज झोपायचा. पूर्वी कसा घोरायचा, श्वास सोडला की शेवटी अडखळायचा, आणि, काय बरं व्हायचं त्यानंतर? छत्तीस वर्षं ज्याच्यावरून भांडली ते तिला आता नेमकं आठवेना. कपाळ हाताला गार लागलं.

गुरुवारी क्युन्नेलमिस्से, हिवाळ्याचा बरोबर मधला दिवस. त्या दिवशी कोठारात निम्मा चारा शिल्लक असला तर जनावरं जगतात, असं तिची आजी म्हणायची. एयनरमध्ये निम्मं काही शिल्लक आहे असं आस्ताला वाटत नव्हतं. रेडिओ सांगत होता की त्या दिवशी दुपारी शून्याखाली अकरापर्यंत जाईल.

६

दोन वाजता गेर्डा आली. आस्ताने तिला कॉफी दिली, एयनरला घोंगडीत लपेटून हीटरजवळ बसवलं, कोट चढवला, खिशात सुरा टाकला आणि हातोडी घेतली.

"कुठे निघालीस?"

"तळघरात. झडप अडकलीये."

"आस्ता," एयनर म्हणाला. तिने वळून बघितलं. त्याने डावा हात उचलला होता, पण बोट चुंबकाकडे नव्हतं, तिच्याकडेच होतं. "नाही," तो म्हणाला. "आस्ता. नाही."

"तुझ्याचसाठी करतेय," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

बाकीच्या पाच कुंड्या तिने आधी बाहेरच्या बोळात लोटल्या. त्यांचा काय गुन्हा? चाकांची कुरकुर ऐकत एकेक नेता नेता अर्धा तास गेला. मग म्हातारी एकटी राहिली. आस्ताने सुऱ्याने सातही सुतळ्या कापल्या, घोंगडं काढून खाली टाकलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर चढली. झडपेचा दांडा गंजून गेला होता. पाचव्या घावाला तो हलला आणि सहाव्या घावाला तुटून तिच्या हातात आला. लोखंडी झडप बिजागरीवरून निसटून लोंबकळली. वरून अंगणातला राखाडी उजेड, मूठभर बर्फ आणि थंडी असं सगळं एकदमच आत आलं.

"आता घे," ती म्हणाली. "पी किती प्यायची ती."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. नळीतला पारा डोळ्यांदेखत उतरत होता. दिवा केव्हाच विझला होता, पण आता वरच्या उजेडात खांब स्पष्ट दिसत होता. उघडा, छातीएवढा, किंचित एका बाजूला कललेला, उजव्या. तो असा कललेला होता हे घोंगड्यामुळे तिला आजवर दिसलं नव्हतं.

आणि गाभ्यातून वाफ निघत होती. थंडीत उबदार वस्तू उघडी पडली की निघते, त्यात नवल नाही, असं तिच्या मनात आलं. पण ती सलग निघत नव्हती. निघायची, थांबायची. पुन्हा निघायची. लांब, सावकाश, आणि शेवटी जराशी अडखळून.

टक्.

आणि आस्ताला आठवलं. छत्तीस वर्षं, रोज, उशीच्या दुसऱ्या बाजूला. श्वास सोडून झाला की तो अडखळायचा आणि मग तोंडात हा एवढासा आवाज व्हायचा. ऑक्टोबरपासून घरात तो आवाज नव्हता. तो इथे होता.

७

तिने स्टुलावर चढून झडप ओढली, ती हातात फिरली पण बसेना. दांडा तुटलेला. गोणपाट कोंबलं, ते वाऱ्याने आत पडलं. तेवढ्यात वर अंगणाकडची खिडकी उघडल्याचा आवाज झाला आणि गेर्डाची हाक त्या भोकातूनच खाली आली.

"आस्ता, अगं आहेस कुठे? हा बोलतोय! 'लाव' म्हणतोय. 'आस्ता, लाव, लाव,' एकच धोशा. खिडक्या तर सगळ्या बंद होत्या गं, मी आत्ता उघडली तुला हाक मारायला. ओठ निळे पडलेत त्याचे. वर ये लवकर."

आस्ताने खाली पडलेलं घोंगडं उचलून खांबाभोवती गुंडाळलं, सुतळ्या कापलेल्या होत्या म्हणून आपला कोट काढून वरून त्याच्या बाह्यांची गाठ मारली, तिच्यावर लोकरीचा स्वेटर काढून घातला. गाभ्याच्या टोकाची कड काळी पडायला लागली होती, गोठलेल्या पानाची पडते तशी. ती तिने तळव्याने झाकली. आतली ऊब अजून लागत होती, पण रविवारएवढी नव्हती.

तिने दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि गाल टेकवला. "चुकले रे," ती म्हणाली. "माझं चुकलं. मला वाटलं ही तुझं घेतेय."

पायऱ्यांवर धावती पावलं वाजली. गेर्डा दारात आली आणि तिथेच थिजली. बोळात पाच कुंड्या, आत बर्फ, आणि बिनकोटाची आस्ता केळीला बिलगून उभी.

"आस्ता, हे काय मांडलंयस?" गेर्डा हळू आवाजात म्हणाली. मग तिला भान आलं. "मी हॉस्पिटलची गाडी बोलावलीये, पण त्याचं काही खरं नाही गं. त्याला धाप लागलीये. सोड ते, वर चल. माणसाने अशा वेळी त्याच्याजवळ असावं."

"मी जवळच आहे."

"तो वर एकटा आहे!"

"वर काय आहे, गेर्डा?" आस्ता म्हणाली. तिचे दात वाजत होते. "वर पानं आहेत. जिवंत ते त्याने खाली आणून ठेवलं होतं. दरवर्षी असंच करायचा."

गेर्डा म्हणाली, "देवा रे," आणि पायऱ्यांनी वर गेली, कारण कुणीतरी वर असायलाच हवं होतं. आस्ता शेवटच्या वेळी नवऱ्यापाशी आली नाही, हे पुढे कित्येक वर्षं त्या अंगणात बोललं जाणार होतं.

गालाला उबदार वाफ लागली. टक्. तिने गळ्यातला स्कार्फ सोडून गाभ्याभोवती गुंडाळला आणि मोजायला सुरुवात केली. नवापर्यंत मोजलं तेव्हा पुढचा श्वास आला. त्याच्यानंतरचा चौदाला. वरून बर्फ तिच्या मानेवर पडत होता, तो झटकायला तिने हात काढला नाही.

तेविसापर्यंत आली तेव्हा अंगणात गाडी थांबल्याचा आवाज झाला. ती मोजत राहिली.